अज्ञान कोणाचें?

अज्ञान हा अपराध होऊं शकतो काय, हा प्रश्न आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस दरवर्षीं घालीत असतों. उत्तरें ठराविक येतात. कांहीं म्हणतात, जें ठाऊकच नाहीं त्याबद्दल माणसास दोष कसा द्यावा? कांहीं ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन सांगतात कीं, जाणून घेणें ज्याच्या हातीं होतें व ज्यानें केवळ हयगयीनें तें जाणून घेतलें नाहीं, त्याचें अज्ञान दोषास्पद होय. दोन्ही उत्तरांस आम्ही बरे गुण देतों आणि पुढील प्रश्नाकडे वळतों. हाच प्रश्न एके रात्रीं वर्गाबाहेर आमच्या पुढ्यांत येऊन उभा राहील व त्यास गुण देऊन मोकळें होतां येणार नाहीं, असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें.

आमच्या वडील भगिनी, ज्यांस आम्ही अक्का म्हणतों, त्यांस मधुमेह जडून बावीस वर्षें झालीं. पायास झालेली एक जखम भरून येईना म्हणून दोन वर्षांपूर्वीं त्यांस एका मोठ्या रुग्णालयांत ठेवावें लागलें. रुग्णालयाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तें इतर पुष्कळांहून वाईट नव्हतें, कदाचित् बरेंच होतें. सायंकाळीं सात वाजतां जेवणापूर्वींचें इन्सुलिन टोंचण्यांत आलें. तें मिश्र इन्सुलिन होतें. म्हणजे त्याचा एक अंश लौकर व दुसरा कांहीं तासांनीं, मध्यरात्रीच्या मागेंपुढें, आपलें काम करतो. जेवण साडेसातास आलें. नव्या औषधानें अक्कांस मळमळत होतें. त्यांनीं दोन घांस घेतले न घेतले आणि ताट दूर सारलें. आठ वाजतां परिचारिकांची पाळी बदलली. इंजेक्शन देणारी घरीं गेली व रात्रपाळीची आली. तिच्या हातांत जो तक्ता पडला त्यांत इन्सुलिन दिल्याची नोंद होती. ताट तसेंच परत गेल्याची नव्हती. ती कोठें करावयाची, असा रकानाच त्या तक्त्यांत नव्हता.

रात्रीं दोनच्या सुमारास अक्का असंबद्ध बोलूं लागल्या. अंगास दरदरून घाम सुटला होता. आम्ही शेजारच्या बांकावर होतों. त्या स्वप्नांत बोलत असतील असें समजून आम्हीं त्यांचें पांघरूण तेवढें नीट केलें. परिचारिका आली, तिनें ताप पाहिला, नाडी पाहिली, आणि म्हातारपण, जखम व परकी जागा यांमुळें माणूस असें बरळतें असें सांगून ती दुसऱ्या खाटेकडे गेली. त्या वॉर्डांत तीसांवर रोगी होते आणि ती एकटी होती. पुढें अर्ध्या तासानें पलीकडच्या खाटेस भांडें द्यावयास आलेल्या मावशी (वॉर्डांतील कामकरी स्त्रियांस आपल्याकडे याच नांवानें हांक मारतात) अक्कांच्या खाटेपाशीं थबकल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, या आजींनी ताटाला हात लावला नव्हता. मीच उचललं ताट. साखर बघा त्यांची." साखर पाहिली. यंत्रावर ३८ आंकडा आला.

ज्या वाचकांच्या घरीं हा रोग नाहीं त्यांच्यासाठीं सांगावयाचें तें इतकेंच कीं, रक्तांतील साखर ७० च्या खालीं गेली म्हणजे ती कमी धरतात आणि ५४ च्या खालीं गेली म्हणजे धोका धरतात. मेंदूस साखरेचा पुरवठा क्षणोक्षणीं लागतो. तो तुटला कीं प्रथम घाम, कंप, धडधड, मग भ्रम, मग बेशुद्धि, आणि कोणी न धांवल्यास मृत्यूहि. अक्कांच्या हातास सुई अगोदरच लावलेली होती, तींतून २५ टक्क्यांचें डेक्स्ट्रोज देतांच कांहीं मिनिटांत त्यांनीं डोळे उघडले आणि "सगळे असे उभे का?" म्हणून विचारलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मोठे डॉक्टर आले. त्यांनीं सर्व रोग्यांसमक्ष त्या मुलीस (ती चोवीस-पंचवीस वर्षांची असेल) जें बोलावयाचें तें बोलून घेतलें. "एवढं साधं कळत नाही तर नर्स कशाला झालात?" हें त्यांतलें सौम्य वाक्य. ती खालीं मान घालून उभी राहिली. डॉक्टर गेल्यावर ती अक्कांची क्षमा मागावयास आली व जातांना आम्हांस म्हणाली, "सर, साखर उतरल्याची लक्षणं मला परीक्षेत आली होती. सगळी लिहिली होती मी."

हें वाक्य आमच्या मनांतून अद्याप गेलेलें नाहीं. तिला ठाऊक होतें काय? एका अर्थानें होतेंच. घाम, कंप, भ्रम हे तीन शब्द तिनें उत्तरपत्रिकेंत लिहिले होते आणि कोणी परीक्षकानें त्यांवर बरोबरची खूण केली होती. पण उत्तरपत्रिकेंत जो 'भ्रम' होता तो रात्रीं दोन वाजतां खाटेवर एका म्हाताऱ्या बाईचें बरळणें होऊन आला, तेव्हां तिला तो ओळखूं आला नाहीं. शब्द ठाऊक होता, वस्तु ठाऊक नव्हती. आणि हें लिहितांना आम्हांस आमच्याच धंद्याची आठवण होऊन ओशाळल्यासारखें होतें. कारण हेत्वाभासांचे सर्व प्रकार तोंडपाठ म्हणून दाखविणारे आमचे विद्यार्थी वर्गाबाहेर पडतांच त्यांच प्रकारांनीं वाद घालीत जातात, व आम्ही तें ऐकून हंसतों. आमच्या विद्यार्थ्यांच्या अज्ञानानें कोणाचा जीव जात नाहीं, एवढाच काय तो फरक.

रुग्णालयांतील परिचारिकांस मधुमेहाविषयीं किती कळतें याच्या परीक्षा निरनिराळ्या देशांत पुष्कळ झाल्या आहेत. अशा एका परीक्षेची हकीकत १९८९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. तींत परिचारिकांस दोन गोष्टी विचारल्या होत्या: या रोगाविषयीं आपल्याला किती कळतें असें तुम्हांस वाटतें, आणि मग प्रत्यक्ष प्रश्न. ज्यांचा स्वतःविषयींचा विश्वास मोठा त्यांचें ज्ञान उणें, असा कल तींत दिसून आला. अथेन्सच्या बाजारपेठेंत जो म्हातारा लोकांस थांबवून त्यांच्या ज्ञानाची झडती घेत असे त्यास हा निष्कर्ष ऐकून मुळींच आश्चर्य वाटलें नसतें. तथापि वर्तमानपत्रांत अशा परीक्षांचा गोषवारा छापून येतो तेव्हां त्याचा मथळा बहुधा एकाच सुराचा असतो: परिचारिका अज्ञ आहेत. त्या सुरास आमची हरकत आहे. ती कां, हें नीट सांगावयाचें तर ज्ञान कशास म्हणावें येथपासून आरंभ केला पाहिजे.

प्लेटोच्या 'मेनो' या संवादांत सॉक्रेटिस एक साधा दाखला देतो. लारिसा गांवचा रस्ता ज्यास पक्का ठाऊक आहे तो इतरांस तेथें नेईल. पण ज्यास तो ठाऊक नाहीं, मात्र ज्याचा अंदाज बरोबर आहे, तोहि तितकाच बिनचूक नेईल. मग ज्ञानाची थोरवी ती काय? सॉक्रेटिसचें म्हणणें असें कीं बरोबर समजूत ही बांधून न ठेवलेल्या वस्तूसारखी आहे, ती केव्हां निसटेल याचा भरंवसा नाहीं. कारणाच्या दोरीनें ती बांधली म्हणजे ज्ञान होतें. वर्गांत हा दाखला आम्ही नेहमीं जरा घाईनें उरकीत असूं. त्याचा खरा अर्थ आम्हांस वॉर्डांत कळला.

त्या घटनेनंतर त्या वॉर्डांत एक नियम तोंडोतोंडीं झाला: रोगी जेवला नाहीं तर इन्सुलिन द्यावयाचें नाहीं. ऐकावयास हा नियम शहाणपणाचा दिसतो, आणि त्या सायंकाळीं तो पाळला गेला असता तर अक्कांवरचा प्रसंग टळता. पण त्याच वॉर्डांत कोपऱ्यांतील खाटेवर एक सोळा वर्षांचा मुलगा होता. त्यास पहिल्या प्रकारचा मधुमेह, म्हणजे ज्यांत शरीर स्वतःचें इन्सुलिन जवळजवळ मुळींच करीत नाहीं. अशा रोग्यानें अन्न घेतलें नाहीं तरी त्यास कांहीं इन्सुलिन लागतेंच. दीर्घकाळ टिकणारें जें पायाचें इन्सुलिन तें बंद केलें तर रक्तांत आम्लें सांठून एक-दोन दिवसांत त्याच्या जिवावर बेततें. जो नियम म्हातारीस तारतो तोच मुलास मारतो. बरें, 'पहिल्या प्रकारास वगळावें' अशी पुरवणी नियमास जोडली तर? मग शस्त्रक्रियेसाठीं उपाशी ठेवलेला रोगी येतो, नळीनें अन्न घेणारा येतो, स्टेरॉइडनें साखर चढलेला येतो. पुरवण्या जोडतां जोडतां नियम संपत नाहींत, आणि त्या सर्व पाठ करणारी परिचारिका रात्रीं दोन वाजतां कोणती पुरवणी कोणत्या खाटेस लागू हें शोधीत बसेल. जिला इन्सुलिन काय करतें, अन्न काय करतें, आणि दोहोंचा मेळ केव्हां चुकतो हें कळलें तिला पुरवण्यांची गरज लागत नाहीं. सॉक्रेटिसची दोरी ती हीच.

आणखी एक उदाहरण देतों. तें क्षुल्लक वाटेल, पण तसें तें नाहीं. आपल्या देशांत इन्सुलिन अजूनहि दोन शक्तींचें मिळतें: एका मिलिलिटरांत ४० एकक असलेलें व १०० एकक असलेलें. पिचकाऱ्याहि त्याप्रमाणें दोन. ४० च्या पिचकारींत चुकून १०० चें इन्सुलिन दहाच्या खुणेपर्यंत भरलें तर रोग्यास १० च्या ऐवजीं २५ एकक जातील. उलट १०० च्या पिचकारींत ४० चें भरलें तर अवघे चार. पिचकारीच्या टोपणाचा रंग लाल कीं नारिंगी इतक्यावर अडीचपटीचा फरक पडतो. रंग पाठ असणें हें एक, आणि त्या रंगामागें कोणता भागाकार उभा आहे हें कळणें दुसरें. टोपण हरवलेली पिचकारी हातीं आली कीं पहिल्या प्रकारचें ज्ञान टोपणाबरोबरच हरवतें.

येथवर कोणी म्हणेल कीं, हें सर्व मान्य. तर परिचारिकांनीं हें शिकून घ्यावें, त्यांत तत्त्वज्ञानाचा कसला प्रश्न? प्रश्न असा कीं, त्यांनीं तें शिकावें असें आपणांस मनापासून केव्हां वाटलें होतें काय?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार-चार गुण. परिचारकाचे गुण सांगतांना संहिताकार आरंभ करतो तो उपचारांच्या ज्ञानापासून. दक्षता, रोग्यावरील प्रेम व शुचिता हीं मागाहून येतात. वैद्य हा चारांत मुख्य, हें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. पण परिचारकास जाणतेपणांतून सूट दिलेली नाहीं. आमच्या अर्वाचीन काळांत मात्र हा क्रम उलटला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा काढली, तेव्हां रोग्याचें निरीक्षण ही एक शिकण्याची विद्या आहे हें त्यांनीं आपल्या पुस्तकांत स्वतंत्र प्रकरण लिहून प्रतिपादिलें होतें. परंतु लोकांनीं त्यांच्या हातांतला दिवा तेवढा लक्षांत ठेवला. आपल्याकडे १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें आणि रमाबाई रानड्यांनीं लोकनिंदा सोसून विधवांस परिचारिकेच्या शिक्षणास पाठविलें, तें केवढें धैर्याचें कृत्य होतें हें सांगावयास नको. पण त्या कार्यास समाजांत मान्यता मिळाली ती 'सेवा' या शब्दाच्या पुण्याईनें. सेवा म्हटलें कीं आपला समाज हात जोडतो, आणि हात जोडले कीं त्यापुढें आणखी कांहीं देणें राहिलें असें त्यास वाटत नाहीं. २२ मार्च १९२० नव्हे, २०२० रोजीं (शतकाची चूक आमच्या पिढीच्या लेखणीस अजून होते) सायंकाळीं पांच वाजतां आम्हीहि गच्चींत उभे राहून टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या प्रामाणिक होत्या. पण ज्यांच्यासाठीं त्या वाजविल्या त्यांच्यांतील किती जणींस वर्षांतून दोन दिवस तरी वॉर्डांतून सोडवून नवें कांहीं शिकविलें जातें, हें आम्हीं तेव्हां विचारलें नाहीं, पुढेंहि विचारलें नसतें.

प्लेटोच्याच 'लॉज' या ग्रंथांत दोन तऱ्हांच्या वैद्यांचें वर्णन आहे. गुलामांवर उपचार करणारा वैद्य स्वतः बहुधा एखाद्या वैद्याचा नोकरच. धन्याच्या हुकुमांवरून व अनुभवानें तो शिकलेला असतो. तो रोग्यास कारण सांगत नाहीं, त्याच्याकडून कांहीं ऐकून घेत नाहीं, घाईघाईनें हुकूम देऊन पुढील रोग्याकडे धांवतो. स्वतंत्र नागरिकांचा वैद्य रोग्याशीं व त्याच्या आप्तांशीं बोलतो, स्वतः शिकतो आणि त्यांसहि शिकवितो. आमच्या वॉर्डांतील परिचारिका पाहिली म्हणजे पहिला वैद्य आठवतो, आणि तो दोष तिचा नव्हे; तिच्या धन्यांनीं तिला तसेंच शिकविलें आहे. तिला हुकूम मिळतो तो आंकड्यांच्या तक्त्याच्या रूपानें: साखर इतकी असेल तर इतकें टोंचावें, तितकी असेल तर तितकें. स्लायडिंग स्केल या नांवानें ही पद्धति प्रसिद्ध आहे. केवळ तीवर विसंबूं नये असें जाणते वैद्य कित्येक वर्षें सांगत आले. तरी ती टिकून आहे, कारण तींत परिचारिकेस विचार करावा लागत नाहीं, आणि तिनें विचार करावा अशी कोणाची अपेक्षाहि नाहीं.

दुसऱ्या वैद्याचें उदाहरण हवें असल्यास तें मधुमेहाच्याच इतिहासांत आहे. बोस्टनचे डॉक्टर इलियट जॉस्लिन यांनीं १९१८ सालीं मधुमेहावर एक छोटें पुस्तक लिहिलें, तें वैद्य आणि रोगी या दोघांसाठीं म्हणून. इन्सुलिन तेव्हां ठाऊक नव्हतें. अन्न तोलून-मापून देणें आणि लघवी तपासणें एवढेंच हातीं होतें, आणि तें काम परिचारिकेचें असे. जॉस्लिन यांनीं आपल्या परिचारिकांस शिकवून तयार केलें व त्यांस रोग्यांच्या घरीं जाऊन राहावयास पाठविलें, कशासाठीं तर रोग्यास व घरच्यांस शिकविण्यासाठीं. टोरोंटोस ११ जानेवारी १९२२ रोजीं एका चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिनची पहिली सुई टोंचली गेली, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टांत तें जॉस्लिन यांच्या हातीं आलें. तेव्हां त्यांनीं तें प्रथम जिला दिलें ती, एलिझाबेथ मज, स्वतः एक परिचारिकाच होती. रोगानें तिचें वजन सुमारें सत्तर पौंडांवर आलें होतें. त्या औषधानें ती उठून हिंडूंफिरूं लागली व पुढें अनेक वर्षें जगली. औषध नवें होतें, तरी तें देणाराच्या परिचारिका आधींपासून शिकलेल्या होत्या. आपल्याकडे औषध कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळतें, पण शिकलेली परिचारिका सांपडणें दुर्मिळ.

एक आक्षेप आम्हांस खरोखर वजनदार वाटतो. परिचारिका आपल्या बुद्धीनें वागूं लागली, हुकुमांत फेरफार करूं लागली, तर रुग्णालय चालेल कसें? अर्धवट ज्ञान हें अज्ञानाहून घातक असतें, आणि वर सांगितलेली १९८९ ची परीक्षा याच बाजूनें साक्ष देते. हें खरें आहे. पण हा दंडक परिचारिकांपुरता ठेवतां येत नाहीं. २००१ सालीं बेल्जममधील एका अभ्यासावरून असें ठरलें कीं, अतिदक्षता विभागांतील रोग्यांची साखर औषधांनीं ८० ते ११० च्या आंत जखडून ठेवली तर मृत्यु कमी होतात. जगभर मोठमोठ्या डॉक्टरांनीं तें उचललें आणि परिचारिकांकडून कसोशीनें पाळून घेतलें. २००९ सालीं त्याहून मोठ्या प्रमाणावर तेंच पडताळून पाहिलें, तेव्हां उलट दिसलें: जखडून ठेवलेल्यांत शेंकडा २७.५ मेले व मोकळीक दिलेल्यांत २४.९. मधल्या आठ वर्षांत जाणत्यांचा विश्वास मोठा होता, आणि तो चुकीचा होता. त्यांस कोणीं वॉर्डांत सर्वांदेखत विचारलें नाहीं कीं, एवढें साधें कळत नाहीं तर डॉक्टर कशाला झालांत? विचारणें योग्यहि झालें नसतें. ज्ञान असेंच चुकत-सुधारत जातें. पण ही सवलत वरच्या पायरीवरील माणसास आहे, खालच्या पायरीवरील माणसास नाहीं.

तेव्हां परिचारिकेनें हुकूम बदलावा असें आम्ही म्हणत नाहीं. तिला थांबतां यावें आणि विचारतां यावें, इतकेंच आमचें म्हणणें आहे. त्या रात्रीं तिनें डॉक्टरांस फोन कां केला नाहीं, हें आम्हीं पुढें तिला विचारलें. ती म्हणाली, मागल्या आठवड्यांत अशाच एका म्हाताऱ्या रोग्यासाठीं तिनें निवासी डॉक्टरांस उठविलें होतें. तें कांहीं निघालें नाहीं, आणि तिला बोलणीं खावीं लागलीं. एकदां विचारल्याबद्दल बोलणीं, एकदां न विचारल्याबद्दल बोलणीं. जेथें शंका घेणें हा गुन्हा आहे तेथें ज्ञान वाढत नाहीं, कारण ज्ञानाचा उगम शंकेंतच आहे. हें तर आमच्या शास्त्राचें पहिलेंच पान.

मावशींचीहि गोष्ट येथें विसरून चालणार नाहीं. त्यांचे यजमान मधुमेहानेंच वारले होते. साखर उतरली म्हणजे माणूस कसा होतो हें त्यांनीं घरीं कित्येकदां पाहिलें होतें. ताट भरलेलें परत गेलें हेंहि त्या वॉर्डांत त्यांस एकटीसच ठाऊक होतें. म्हणजे त्या रात्रीं अक्कांचा जीव वांचविणारें सगळें ज्ञान सायंकाळीं साडेसातपासूनच वॉर्डांत हजर होतें. पण ज्या बाईपाशीं तें होतें तिला तें सांगण्याचा हक्क नव्हता, जिला वागण्याचा हक्क होता तिला तें ठाऊक नव्हतें, आणि ज्यांस ज्ञान व हक्क दोन्ही होतें ते घरीं निजले होते. मावशी अडीच वाजतां बोलल्या हें आमचें भाग्य. त्या गप्प राहिल्या असत्या तर त्यांस कोणीं दोष दिला नसता.

डब्ल्यू. के. क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालीं श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यांत एक जहाजमालक येतो. जहाज जुनें, डागडुजीस आलेलें. त्याच्या मनांत शंका येते, पण इतक्या सफरी सुखरूप झाल्या तशी हीहि होईल अशी तो स्वतःची समजूत घालतो व उतारूंस रवाना करतो. जहाज बुडतें. क्लिफर्डचें म्हणणें असें कीं तो मालक अपराधी आहे. आणि जहाज बुडालें नसतें, सुखरूप पोंचलें असतें, तरीहि तो तितकाच अपराधी ठरला असता. आमच्या विद्यार्थ्यांस हें दुसरें वाक्य नेहमीं अन्यायाचें वाटतें. आम्हांस तें आतां फार न्यायाचें वाटूं लागलें आहे. तीस रोग्यांवर एक परिचारिका, तक्त्यांत ताटाचा रकाना नाहीं, पाळी बदलतांना कोणी कोणास कांहीं सांगत नाहीं, पास झाल्यापासून त्या मुलीस कोणीं एक शब्द नवा शिकविलेला नाहीं, आणि तरीहि शेंकडों रात्री निभावून जातात. जहाज रोज बंदरास लागतें. त्या प्रत्येक सुखरूप रात्रीं जो अपराध घडतो त्याची नोंद कोठें होत नाहीं. आणि ज्या रात्रीं पाणी आंत शिरतें त्या रात्रीं जो नावाडी वल्ह्यापाशीं असतो त्याच्या नांवावर तो सगळा चढविला जातो.

ही उपमा रुग्णालयाच्या चालकांवर रोखून आम्ही मोकळे झालों असतों, पण अक्कांनीं तें होऊं दिलें नाहीं. डॉक्टर त्या मुलीस बोलून गेले त्या दुपारीं आम्ही रागानें कांहीं म्हणत होतों, तेव्हां त्या म्हणाल्या, "अरे, तिला कळलं नाही हे खरं. पण तुला तरी कुठं कळलं? बावीस वर्षं माझ्या पंगतीला बसतोस. आणि पांघरूण घातलंस की रे मला!" यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. घरांत साखरेचें यंत्र आहे, इन्सुलिनची कुपी फ्रीजच्या दारांत आहे, या रोगावरील दोन इंग्रजी पुस्तकें आमच्या कपाटांत आहेत, त्यांतील एक आम्हीं वाचलेंहि आहे. देशांत या रोगाचे दहा कोटींवर रोगी असल्याचें अनुमान २०२३ सालीं प्रसिद्ध झालें, तें आम्हीं व्याख्यानांत उद्धृत केलें होतें. त्या दहा कोटींतली एक आमच्या हाताच्या अंतरावर घामानें भिजत होती. ॲरिस्टॉटलची कसोटी लावावयाची तर जाणून घेणें त्या मुलीपेक्षां आमच्या हातीं अधिक होतें, सवड अधिक होती, आणि विचारल्याबद्दल आम्हांस कोणी बोलणार नव्हतें.

अक्का आणखी नऊ दिवस तेथें होत्या. त्यांपैकीं एके दुपारीं ती मुलगी पाळी नसतांना आली व अक्कांच्या खाटेच्या कडेस बसली. तिनें विचारलें, "आजी, साखर उतरायला लागली की तुम्हांला आधी काय होतं? पुस्तकातलं नको, तुमचं सांगा." चरकानें रोग्याचे जे चार गुण सांगितले आहेत त्यांत आपला रोग सांगतां येणें हा एक आहे, आणि तो अक्कांच्या अंगीं भरपूर आहे. त्यांनीं सांगितलें कीं प्रथम ओंठांभोंवतीं मुंग्या येतात, मग वाचीत असतील तर ओळी एकमेकींवर चढतात, मग उगाच रडूं येतें, घाम त्यानंतर. झोंपेंत असलें तर यांतलें कांहीं कळत नाहीं, सकाळीं डोकें दुखतें आणि उशी ओली लागते. मुलगी एका लहानशा वहींत लिहून घेत होती. मावशी बादली घेऊन दाराशीं आल्या होत्या, त्याहि ऐकत उभ्या राहिल्या. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, "आमचे हे कधी रडले नाहीत. ते भांडायचे. एरवी देवमाणूस, पण साखर उतरली की जेवणावरून भांडायचे." मुलीनें मान वर करून त्यांच्याकडे पाहिलें, जवळचें स्टूल पुढें सरकविलें, आणि तेंहि लिहून घेतलें.